पॅसेजला पुरेल एवढा उजेड

बाबा, काल आमच्या पॅसेजमध्ये नवा लाइट बसला. एवढ्याशा गोष्टीसाठी मेलेल्या माणसाला पत्र लिहायला बसले, म्हणजे हिचं डोकं फिरलंय असं कोणीही म्हणेल, आणि तुम्ही असतात तर तुम्हीच पहिले म्हणाला असतात. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत मी तुमच्याशी कधी बोललेच नाही. फोटोला हार घातला, पितृपक्षात पान वाढलं, गच्चीवर उभं राहून कावळ्याला हाका मारल्या, पण बोलले नाही. आता बोलायचं आहे, आणि जे बोलायचं आहे ते घरातल्या जिवंत माणसांपैकी कोणालाच सांगायची हिंमत होत नाही. म्हणून तुम्ही.

तुम्ही हे घर पाहिलेलं नाही. लालबागच्या चाळीतली तुमची मुलगी लग्न होऊन गिरगावात आली, ठाकूरद्वारजवळच्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या सासऱ्यांनी कधीकाळी शेजारचं बिऱ्हाड घेतलं आणि दोन्ही जागा जोडल्या. जोडताना मधे जे उरलं तो आमचा पॅसेज. एका टोकाला बाहेरची खोली, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, आणि मधे हा चिंचोळा, बिनखिडकीचा पट्टा. भरदुपारी तिथे बटण दाबावं लागतं. एका भिंतीला चपलांचं कपाट, समोरच्या भिंतीवर सासरच्या तीन पिढ्यांचे फोटो, डोक्यावर माळा, आणि माळ्यामुळे छत इतकं खाली की उंच पाहुणा आला की आम्ही सगळे एका सुरात 'डोकं सांभाळा' म्हणतो. दोघं समोरासमोर आले तर एकाने भिंतीला चिकटायचं. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिथे एक साधा पिवळा बल्ब होता आणि हातात उकळत्या आमटीचं पातेलं घेऊन मी तिथून बिनदिक्कत ये-जा केली आहे. मग कधीपासून कोण जाणे, बहुतेक गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून, मी त्या कपाटाच्या कोपऱ्यावर आपटायला लागले. नडगीला काळेनिळे डाग. सासूबाई म्हणायच्या, "नजर कुठे असते गं तुझी?" मी म्हणायचे, नजर जागेवर आहे, हा बल्बच मेला म्हातारा झालाय.

तेव्हापासून मी लाइटच्या मागे लागले. आधी पिवळट उजेडाचा एलईडी आणला. तो सौम्य होता, सुंदर होता, सगळ्यांना आवडला, आणि मला त्यात कपाट दिसेना. मग ट्यूबसारखी पट्टी लावली, ती माळ्याच्या आडोशाला गेली आणि अर्धा पॅसेज आणखीच काळा झाला. मग पायाशी लावायचे छोटे दिवे, जे हॉटेलांच्या जिन्यात असतात. त्यांच्या उजेडात मला माझी पावलं दिसायची आणि बाकी काही नाही. मग एकाने सेन्सरचा सुचवला, माणूस आला की आपोआप पेटतो. तो पेटायच्या आधी जो क्षणभराचा काळोख असायचा, त्यात मी पॅसेजच्या तोंडाशी उभी राहून वाट पाहायचे, कोणीतरी आत बसलंय आणि ते आधी हलेल असं काहीतरी वाटायचं. चार दिवसांत परत दिला. नवरा म्हणाला, "अगं, एवढ्याशा बोळकांडीला किती नखरे!" तो चेष्टा करत होता, आणि मीही हसले.

बोळकांडी म्हटलं की मला आपल्या चाळीचा मधला बोळ आठवतो. दोन्ही बाजूंना खोल्या, मधून बोळ, दिवसासुद्धा काळोख. प्रत्येकाच्या दाराबाहेर पाण्याचं पिंप, चपला, सायकल, काय वाट्टेल ते. आपल्या दाराबाहेर मात्र काहीही ठेवायचं नाही हा तुमचा नियम. एकदा दिवेलागणीला मी बादली बाहेर ठेवली आणि विसरले. तुम्ही भजनाला जायला निघता आणि तुमचा पाय अडकतो. पडत नाही तुम्ही, दाराची चौकट धरता. पण मग असे ओरडता की दोन्हीकडची दारं उघडतात. "कोणी ठेवल्यान ही बादली? वाटेत काय एक ठेवू नको म्हणान किती वेळा सांगलंय?" आई म्हणते, "अवो, रिकामी बादली ती, इतक्यान काय झाला?" तुम्ही बादली उचलता. आत येऊन खाटेवर बसता, आणि भजनाला जातच नाही. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, ओरडणंसुद्धा तुमचं क्वचितच. म्हणून त्या संध्याकाळी मी कोपऱ्यात बसून ठरवून टाकलं की मिलमध्ये काहीतरी बिनसलं असणार आणि राग माझ्यावर निघाला.

असो. लाइटचं सांगत होते. मागच्या आठवड्यात मी मुलीला घेऊन लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात गेले. तुमची नात, बाबा. परळला ऑफिसात नोकरी करते, स्कूटर चालवते, घरात कोणाचं ऐकत नाही, आणि हनुवटी अगदी तुमची. दुकानदाराने फळीवरचे लाइट एकामागून एक पेटवून दाखवले. मी एकेकाकडे बघून मान हलवत होते आणि माझ्या आधी तीच नाक मुरडत होती. "आई, हे सगळे झिरोच्या बल्बसारखे आहेत. तो शेवटचा घे. पांढरा, बारा वॅटवाला." दुकानदार हसला. "बेबी, छोटा पॅसेज है ना? एकदम ऑपरेशन थिएटर हो जाएगा." ती म्हणाली, "हो जाने दो. दिसलं तरी पाहिजे ना माणसाला." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरात कोणीतरी माझ्या बाजूचं निघालं. येताना आम्ही दोघींनी पियूष प्यायलं आणि नवऱ्याची यथेच्छ टिंगल केली.

वायरमन मात्र आज येतो, उद्या येतो करत राहिला. त्याची वाट बघत असतानाच एका संध्याकाळी मी भाजी घेऊन वाडीत शिरले आणि उभ्या हातगाडीवर सरळ जाऊन आदळले. गाडी रिकामी होती, रस्ता रोजचा होता, गाडीवाला शेजारी उभा राहून माझ्याकडे बघत होता. "क्या माँजी, इतनी बडी गाडी नहीं दिखी?" चारचौघं हसले. मला त्या हसण्यापेक्षा त्याच्या प्रश्नाचं वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी घरी बँकेत जाते म्हणून सांगितलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर तरुण आहे, हसतमुख. तिने अक्षरं वाचायला लावली, ती मी घडाघडा वाचली. मग एका मशीनसमोर बसवलं, हातात बटण दिलं. समोर एकाच ठिकाणी बघायचं आणि कडेला कुठे उजेडाचा ठिपका दिसला की दाबायचं. सुरुवातीला दाबलं. मग बराच वेळ ठिपकाच येईना. मला वाटलं, मशीन बंद पडलं. मी मुलीसारख्या त्या टेक्निशियनला म्हटलंसुद्धा, "अहो, बंद झालं वाटतं." ती म्हणाली, "नाही काकू, चालू आहे. तुम्ही समोर बघत राहा." बाबा, ते वाक्य मी अजून विसरू शकत नाही. मी समोर बघत राहिले आणि मशीन चालू राहिलं.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. आधी काळोखातलं दिसणं जातं, मग कडेकडेचं, हळूहळू, वर्षानुवर्षं. समोरचं बरंच उशिरापर्यंत राहतं, म्हणून माणसाला कळतच नाही. डॉक्टरने समजावून सांगितलं आणि विचारलं, "आई-वडिलांपैकी कोणाला रात्रीचं कमी दिसायचं का?" मी ताडकन म्हणाले, "छे. वडिलांना तर शेवटपर्यंत चष्मासुद्धा नव्हता." तिने मान हलवली. मग विचारलं, मुलं किती. एक मुलगी म्हटल्यावर ती अगदी सहज म्हणाली, "एकदा तिलाही घेऊन या. असेलच असं नाही, पण बघून घेतलेलं बरं." मी हो म्हटलं, बाहेर आले, जिना उतरायला लागले, आणि अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभी राहिले. कारण तुम्ही आठवलात.

तुम्ही कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकल्याशिवाय संध्याकाळी बाहेर पडायचा नाहीत. भजनाला जाताना, गणपती बघायला जाताना, सुतकात कोणाकडे बसायला जाताना, तुमचा हात कोणाच्या तरी खांद्यावर. सगळी चाळ म्हणायची, काय मायाळू माणूस, मैत्री करावी तर अशी. भजनातले तुमचे एक दोस्त, पखवाज वाजवणारे, त्यांच्या खांद्यावर तर तुमचा हात इतका असायचा की त्यांच्या सदऱ्याचा रंग तिथे उडालाय अशी थट्टा चालायची. दिवसा मात्र तुम्ही एकटे चालायचात, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. रातपाळी लागली की तुम्ही ती बदलीवाल्याला देऊन टाकायचात आणि आई चिडायची, "रात्रीक काय राजासारखो झोपता ह्यो माणूस!" तुम्ही हसून आळशी म्हणवून घ्यायचात. आणि माझे फ्रॉक. दर गणपतीला तुम्ही माझ्यासाठी पांढरा फ्रॉक आणायचात, पांढऱ्या रिबिनी, पांढऱ्या चपला. बाकीच्या मुली लाल-हिरव्या कपड्यांत, आणि मी शाळेच्या कवायतीला निघाल्यासारखी. आई म्हणायची, सणासुदीला पांढरं कोण घालतं? तुम्ही म्हणायचात, "माका आवडता." मी रडायचे. गर्दीत मला शोधायला तुम्हांला पांढराच रंग लागत होता, हे मला त्या जिन्यात उभं असताना कळलं. माझं वय बघा आणि अक्कल कधी आली ते बघा.

त्यापुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. तुम्ही चाळीच्या जिन्यावरून पडलात तेव्हा संध्याकाळच होती. पखवाजवाले काका आजारी होते म्हणून तुम्ही एकटेच भजनाला निघालात. आवाज आला, मी सगळ्यांच्या आधी धावत गेले. पोलीस आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "दारू प्यायले होते का?" पखवाजवाले काका तापाने फणफणलेले, पण अंथरुणातून उठून आले आणि म्हणाले, "साहेब, माळकरी माणूस तो. जिन्यात बल्ब नव्हता. काळोखात पाय गेला." मग सगळी चाळ तेच म्हणाली. बल्ब नव्हता, बल्ब गेलेला होता, किती दिवस सांगतोय बल्ब लावा. तुमचं नाव राखलं त्यांनी. तेराव्याच्या आत जिन्यात ट्यूबलाइट लागली आणि मी तिच्याखालून शाळेत जाताना रोज मनात म्हणायचे, ही आधी लागली असती तर. मी आयुष्यभर हेच धरून बसले, की एक दिवा कमी पडला म्हणून माझा बाप गेला. या घरात आल्यापासून मी कुठला बल्ब गेलेला दिवसभर राहू दिला नाही, तो त्यामुळेच.

पण बाबा, तुमच्या गळ्यातली माळ तुटली होती. तुळशीचे मणी पायऱ्यांवर पसरले होते आणि मी ते वेचले होते, एकेक, खालपासून वरपर्यंत, फ्रॉकच्या ओच्यात. मला ते मणी दिसत होते. त्यांची भोकंसुद्धा दिसत होती. काळोख्या जिन्यात मणी वेचता येत नाहीत. बल्ब होता. पेटलेला होता. त्याच्या उजेडात मी तुम्हांला पाहिलं, पखवाजवाल्या काकांनीही पाहिलं असणार, आणि आईने पाहिलं असलं तर ती ते बरोबर घेऊन गेली. आम्हां सगळ्यांना दिसत होतं, फक्त तुम्हांला नाही.

मला तुमचा राग येतो. हे स्पष्टच लिहिते. नोकरी जाईल म्हणून लपवलंत, हे मी समजू शकते. माग चालवणाऱ्या माणसाने डोळ्यांचं नाव काढायचं नसतं. कदाचित पोरीच्या लग्नाचीही काळजी असेल. किंवा कदाचित तुम्हांलाच ठाऊक नसेल, आपल्याला दिसतं तेवढंच साऱ्या जगाला दिसतं असं तुम्ही धरून चालला असाल, मी चालले तशी. पण एकदा, एकदाच मला म्हणाला असतात, "बाय, माका काळोखात दिसणा नाय," तर मी वेळेवर सावध झाले असते. निदान हे तुमच्यापाशी थांबलेलं नाही एवढं तरी माहीत असतं. तुमच्या गप्प बसण्याला सगळ्यांनी माया म्हटलं आणि मीही म्हटलं.

आणि मग काल वायरमन आला. शिडीवर चढून म्हणाला, "ताई, लय होईल हां हे. छत खाली आहे, डायरेक डोळ्यात मारणार." मी म्हटलं, बसवा तुम्ही. त्याने बटण दाबलं. नवऱ्याने लगेच डोळ्यांवर हात घेतला. "अगं, पासपोर्टचे फोटो काढायचेत का इथे?" सासूबाई पदराने डोळे झाकून म्हणाल्या, "दिपले गं बाई माझे डोळे! ते वरचं जाळं बघ, कधीपासून काढलेलं नाहीस." वायरमन स्वतः डोळे बारीक करून शिडी आवरत होता. आणि माझी मुलगी माझ्या शेजारी उभी राहून, शांतपणे, म्हणाली, "आता कसं. निदान दिसतंय तरी." मी हेच म्हणणार होते. हेच शब्द, याच क्रमाने. घर दोन भागांत उभं होतं, डोळे मिटलेली माणसं तिकडे आणि आम्ही दोघी इकडे. मला त्या पांढऱ्या उजेडात उभं राहवेना, मी चहा टाकते म्हणून आत गेले.

काल रात्रभर मी तिच्या बारीकसारीक गोष्टी आठवत होते. स्कूटरच्या डाव्या अंगाला पडलेले ओरखडे, पार्किंगमध्ये कोणीतरी घासतं म्हणते. नाटकाला उशिरा पोचली तर आत शिरायला तयार होत नाही, मूड गेला म्हणते. परवा संध्याकाळी वाडीच्या तोंडाशी मी हात केला आणि ती अगदी माझ्या जवळून स्कूटर घेऊन गेली, घरी आल्यावर म्हणाली, "तू होतीस? गर्दीत दिसलीच नाहीस." गर्दी नव्हती, बाबा. मी आणि एक कुत्रा, एवढेच होतो. यातलं एकही कारण खोटं वाटण्यासारखं नाही, आणि म्हणूनच मला धडकी भरते.

आज संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी हे लिहीत होते. सासूबाईंची नव्या लाइटला नावं ठेवून झाली आणि पॅसेजच्या आतल्या टोकाला, माझ्यापासून हातभर अंतरावर, खुर्ची टाकून त्या तांदूळ निवडत बसल्या. ऐंशी उलटल्या आहेत, पण खडा म्हणून सुटत नाही. म्हणाल्या, "डोळ्यांना टोचतो मेला, पण खडे छान दिसतात." तेवढ्यात मुलगी ऑफिसातून आली. चपला काढून दोन पावलं आत आली आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, "आई, हा बरा आहे, पण त्या टोकाला अजून एक लावून घेऊया का? तिकडे काळोखच आहे." सासूबाईंचा हात ताटात थांबला. त्यांनी आधी वर लाइटकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. तोंड उघडणार होत्या. मी त्यांच्या आधी बोलले. म्हटलं, "लावू. तूच निवड."

मग मी उठले, तिच्यापाशी गेले, तिची बॅग घेतली आणि म्हटलं, "उद्या सुट्टी टाकशील? मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. औषध घातलं की परत येताना नीट दिसत नाही, एकटीला भीती वाटते." ती हसली, माझ्या गालाला हात लावला. "एवढंच ना? येते की. घाबरतेस काय, मी आहे ना तुझ्याबरोबर." आत्ता ती आजीशेजारी बसून चहा पितेय आणि मला इथून तिचं हसणं ऐकू येतंय. हे पत्र तुम्हांला पोचायचं नाही, आणि इतर कोणी वाचायच्या आत मी ते फाडून टाकणार आहे. उद्याची वेळ मी तिच्या नावाने घेतली आहे.